गणितात पुढे असलेल्या मुलांना पुढच्या इयत्तेचे पुस्तक द्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हायस्कूलमध्ये वीसेक मुलांना वर्गातले गणित चटकन येते आणि उरलेला तास ती नुसती बसून असतात. पालकांचे म्हणणे, त्यांना वरच्या इयत्तेचे शिकवा, कॅल्क्युलस लवकर सुरू करा. शिक्षकांना आठवड्यातून एकदा गणित मंडळ चालवायचे आहे. यातले काय करावे, आणि मंडळ केलेच तर तिथे नेमके काय करावे?

आधी उत्तर सांगतो. वीसपैकी बहुतेकांना त्यांच्याच इयत्तेत ठेवून गणित खोल न्यावे. एखाद-दोघांना वर चढवणे योग्य ठरेल, पण तो निर्णय गुणपत्रिका पाहून घेऊ नये. लवकर उत्तर येणे आणि पुढच्या गणिताला तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की मूल दोन वर्षांनी अडखळते, आणि तेव्हा आपण का अडखळतो हे त्यालाही कळत नाही.

अडखळण्याची जागा मात्र जवळपास ठरलेली असते. कॅल्क्युलसमध्ये मुलांना सीमा (लिमिट) ही कल्पना जड जाते असा समज आहे. प्रत्यक्षात १/क्ष या फलाचा (फंक्शनचा) अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, व्याख्येवरून काढायला द्या. सीमेचे काम शेवटच्या एका ओळीत संपते. त्याआधी क्ष मधला छोटा बदल ह मानून १/(क्ष + ह) मधून १/क्ष वजा करायचे असते, समान छेद घ्यायचा असतो, अंशात −ह उरतो हे चिन्हासकट दिसावे लागते आणि मग तो ह काटायचा असतो. मूल अडते ते इथे. म्हणजे अडचण आठवी-नववीच्या अपूर्णांकांची असते आणि नाव कॅल्क्युलसचे होते. बीजगणितात हात बसलेला नसताना वर चढवलेले मूल हीच उणीव घेऊन वर जाते.

म्हणून निर्णयाआधी एक चाचणी घ्या. दहा-बारा प्रश्न, एक तास, कॅल्क्युलेटर नाही, आणि प्रत्येक पायरी लिहिण्याची सक्ती. प्रश्न अवघड नसावेत, पण त्यातून विचार उघडा पडला पाहिजे. उदाहरणार्थ हे समीकरण घ्या: ३/(क्ष − २) + १/(क्ष + २) = १२/(क्ष² − ४). छेद काढले की ४क्ष + ४ = १२, म्हणून क्ष = २. वेगाने सोडवणारी पुष्कळ मुले इथे थांबतात आणि चौकट आखतात. पण क्ष = २ ठेवल्यावर छेद शून्य होतो, म्हणून या समीकरणाला उकलच नाही. काही मुले उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहतात आणि परत येऊन ते खोडतात. क्वचित एखादे मूल सुरुवातीलाच ‘क्ष हा २ किंवा −२ नसावा’ असे लिहून ठेवते. तेच मूल पुढे जायला तयार आहे, मग त्याला वेळ जास्त लागला तरी चालेल.

दुसरा प्रश्न असमानतेचा: (क्ष − १)/(क्ष + २) > ०. दोन्ही बाजूंना क्ष + २ ने गुणून क्ष > १ असे उत्तर येईल. त्यात क्ष < −२ हा अर्धा भाग सुटतो, कारण ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते याचे भान राहत नाही. तिसरा, १/अ = १/ब + १/क यातून क काढा. बरोबर उत्तर अब/(ब − अ). ‘क = अ − ब’ असे लिहिणाऱ्या मुलाला व्यस्त घेणे हा यांत्रिक खेळ वाटतो आहे. चौथा सिद्धतेचा: दोन विषम संख्यांचा गुणाकार विषमच का येतो? ‘३ × ५ = १५, ७ × ९ = ६३’ एवढेच लिहिले असेल तर मुलाला सिद्धता म्हणजे काय हे अजून ठाऊक नाही. (२म + १)(२म + १) असे लिहिणारे मूल जवळ आले आहे, पण त्याने दोन्ही संख्यांना एकच अक्षर वापरले. त्याने सिद्ध झाले ते फक्त एका संख्येला तिनेच गुणण्यापुरते. ही चूक फार बोलकी असते. ती दिसली तर आनंदाने त्या मुलाजवळ बसा, कारण दहा मिनिटांत ते मूल कायमचे काहीतरी शिकणार आहे.

याच धर्तीची दुसरी चाचणी सहा आठवड्यांनी, न सांगता घ्या. पहिल्या वेळी आलेले बरेचसे तात्पुरते असते. दोन्ही वेळा जे टिकते ते खरे. दोन्ही चाचण्यांत पायऱ्या आणि कारणे नीट देणाऱ्या मुलाला वर चढवायला हरकत नाही. मात्र गाळलेल्या वर्षातल्या चार गोष्टी त्याच्याकडून वेगळ्या करून घ्याव्याच लागतात: भूमितीतल्या लिखित सिद्धता, लॉगॅरिदम, त्रिकोणमितीतली नित्यसमीकरणे, आणि फलांचे आलेख सरकवणे-ताणणे. सगळ्यात जास्त गाळली जाते ती भूमिती, कारण पुढच्या परीक्षांत ती दिसत नाही. पण मूल ‘का’ लिहायला शिकते ते तिथेच.

उरलेल्यांसाठी सोपा उपाय असा. धडा सुरू होण्याआधी धड्याअखेरची चाचणी द्या. ज्यांना ती जमली, त्यांना तो धडा पुन्हा गिरवायला लावू नका. स्वाध्यायातली शेवटची तीन-चार उदाहरणे पुरेत, आणि वाचलेला वेळ मंडळाच्या प्रश्नांना. सगळा स्वाध्याय करून वर जादा उदाहरणे, ही हुशारीची शिक्षा आहे. चुणचुणीत मुले ती ओळखतात आणि आपल्याला येते हे लपवायला लागतात.

सांख्यिकीबद्दल थोडक्यात. कॅल्क्युलसकडे जाणारी वाट हुशारांची आणि सांख्यिकीची उरलेल्यांची, अशी मांडणी शाळेने करू नये. जीवशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वैद्यक यांकडे जाणाऱ्या मुलाला नमुना कसा निवडतात आणि दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असे का म्हणता येत नाही, हे कळणे फार मोलाचे आहे.

आता मंडळ. नव्वद मिनिटे, एका मोठ्या माणसामागे बारा ते पंधरा मुले. वीस झाली तर दुसरा शिक्षक किंवा वरच्या वर्गातली दोन मुले मदतीला घ्या. त्यांना एकच नियम सांगा: लहान मुलाच्या हातातले पेन घ्यायचे नाही. बसायला जोड्या किंवा तिघेतिघे. चौघांचा गट केला की एक जण हमखास प्रेक्षक होतो.

प्रश्न असा हवा की हात घालायला कोणालाही जमेल, आणि तळ लवकर लागणार नाही. माझ्या मते सुरुवातीला याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण आहे: वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदू रेषाखंडाने जोडा. वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात? एक बिंदू, १ तुकडा. दोन बिंदू, २. तीन, ४. चार, ८. पाच, १६. इथवर पोचले की सगळा वर्ग ‘बत्तीस!’ म्हणून ओरडतो. त्यांना शांतपणे सहा बिंदूंची आकृती काढायला सांगा. येतात ३१.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मुले सहा बिंदू सुबक, समान अंतरावर घेतात. मग तीन व्यास केंद्रात एकाच बिंदूत मिळतात आणि तुकडे भरतात ३०. वर्गात ३०, ३१ आणि ३२ अशी तीन उत्तरे फिरू लागतात. तुम्ही लगेच खुलासा करू नका, तीनही फळ्यावर लिहून ठेवा. तीन रेषा एका बिंदूत मिळाल्या की एक छोटा त्रिकोण नाहीसा होतो, हे कोणीतरी शोधून काढतेच, आणि तो शोध त्या दिवसाचा खरा ऐवज असतो. कारणाकडे न्यायचे असेल तर एकच प्रश्न विचारा: नवी रेषा काढली, तिने जुन्या रेषांना काही ठिकाणी छेदले, तर तुकडे कितीने वाढले? छेदनबिंदूंपेक्षा एकाने जास्त. आतला प्रत्येक छेदनबिंदू वर्तुळावरच्या चार बिंदूंनी ठरतो, प्रत्येक रेषा दोन बिंदूंनी. म्हणून सहा बिंदूंना १ + १५ + १५ = ३१. पहिला १ म्हणजे अख्खे वर्तुळ, मग रेषा १५, आणि छेदनबिंदूही १५.

बैठकीची घडी साधारण अशी ठेवावी. पहिली दहा मिनिटे प्रश्न समजून घेणे आणि एक लहान उदाहरण सगळ्यांनी मिळून करणे. पुढची दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने, पूर्ण शांततेत. मग पस्तीस-चाळीस मिनिटे जोडीने. शेवटचा अर्धा तास फळ्यावर, तिथे अर्धवट राहिलेले प्रयत्न आधी आणि पूर्ण उत्तर शेवटी. एकट्याच्या दहा मिनिटांत उत्तर मोठ्याने बोलायचे नाही हा नियम काटेकोर पाळा. दोन-तीन चपळ मुले तिसऱ्या मिनिटाला उत्तर फोडतात आणि उरलेल्या बारा जणांचा विचार तिथेच थांबतो. मंडळे मोडतात ती बहुधा यामुळे. चपळ मुलांना गप्प बसवून भागत नाही, त्यांना पुढचे काम द्यावे लागते: ‘सहाला ३१ आले, आता कितीही बिंदूंसाठी सांग.’

मुले अडली की इशारा तीन पायऱ्यांनी द्या. आधी, ‘याहून लहान आकड्यांसाठी करून पाहिलेत का?’ पाच मिनिटांनी, ‘यात न बदलणारे काय आहे?’ आणि तरीही अडली तरच एक पायरी दाखवा. एकच. शिक्षकाला शांतता सहन होत नाही आणि तो समजावू लागतो, ही मंडळातली सर्वांत सामान्य चूक आहे. समजावले की मुले माना डोलावतात, पण पुढच्या आठवड्यात तीच युक्ती वेगळ्या प्रश्नात ओळखू येत नाही.

दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक जोडीला चार आठवड्यांचा एक शोधप्रकल्प द्यावा. द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली दाखवलेली ६१७४ ही संख्या यासाठी फार उत्तम. कापरेकर स्वतः शाळेत शिक्षक होते. कृती अशी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. हेच पुन्हा करत राहिले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच राहते. मुले चुकतात ती शून्यापाशी. १००० मधून ०००१ वजा केल्यावर ९९९ उरतात, ते ०९९९ असेच धरायचे. शून्य टाकून दिले तर ९९९ − ९९९ = ० येते आणि ‘नियम खोटा आहे’ अशी आरोळी उठते. संगणकावर लिहिणाऱ्यांचा प्रोग्रामही नेमका इथेच फसतो.

कृती करून पाहणे झाले की खरे गणित सुरू होते. सुरुवातीच्या शून्यांसकट पाहिल्या तर तपासण्याजोग्या संख्या ९९९० आहेत. त्या सगळ्या हाताने करायच्या का? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. अ − ड हा १ ते ९ असू शकतो आणि ब − क त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या अवघ्या ५४. नऊ हजारांवरून चोपन्नावर येणे म्हणजे काय, हे मुलांना इथे स्वतःच्या हाताने कळते. मग विचारा: तीन अंकांना काय होते? ४९५ मिळते. दोन अंकांना? तिथे एक संख्या मिळतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असा फेरा सुरू राहतो. पाच अंकांचे काम त्यांच्यावरच सोडा.

याउलट, सम असेल तर निम्मे करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, हा कोलाट्झचा प्रश्न प्रकल्पाला देताना जपून. २७ पासून सुरुवात केली तर १ वर यायला १११ पायऱ्या लागतात आणि मध्ये संख्या ९२३२ पर्यंत चढते, हे पाहून मुले भारावतात. पण हा प्रश्न आजही कोणी सोडवलेला नाही. एखादे मनस्वी मूल त्याच्या सिद्धतेत वर्षभर अडकून बसते. आलेख काढणे, सर्वांत लांब साखळी शोधणे, असे संपणारे काम द्या आणि सिद्धता उपलब्ध नाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

लिहिण्याकडे मंडळात सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जायला हवे. वहीच्या डाव्या पानावर कच्चे काम, उजव्या पानावर नीट लिहिलेले. खोडरबर वापरायचा नाही, चुकलेल्या प्रयत्नावर एक रेघ मारायची आणि बाजूला ‘का चुकले’ हे एका ओळीत. आठवड्याला एकच प्रश्न पूर्ण लिहून आणायचा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडची सुरुवात १९५९ साली रुमानियात झाली. तिथला पहिलाच प्रश्न नववीच्या मुलाला झेपणारा आहे: (२१क + ४)/(१४क + ३) हा अपूर्णांक क या कोणत्याही नैसर्गिक संख्येसाठी आणखी संक्षिप्त होत नाही हे सिद्ध करा. २१क + ४ मधून १४क + ३ वजा करा, ७क + १ उरते. १४क + ३ मधून त्याची दुप्पट वजा करा, १ उरतो. दोघांचा सामाईक विभाजक या प्रत्येक वजाबाकीलाही भागतो, म्हणजे शेवटी १ ला भागतो. संपले. पण वह्या तपासताना दिसेल की अर्ध्या मुलांनी वजाबाक्या केल्या आहेत आणि ‘सामाईक विभाजक वजाबाकीलाही भागतो’ हे वाक्यच लिहिलेले नाही. तेच वाक्य म्हणजे सिद्धता. ऑलिम्पियाडसारखेच ७ पैकी गुण द्या: सगळे बरोबर आणि कारणासकट ७, किरकोळ राहिले तर ६, दिशा बरोबर पण मुख्य कारण नाही तर २ किंवा ३, नुसती उदाहरणे असतील तर ०. पहिल्या महिन्यात शून्ये फार पडतात. त्यांशेजारी काय हवे होते ते लिहिले नाही, तर मुले गळतात.

उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे पटवायला क² + क + ४१ हाताशी ठेवा. क ला ० ते ३९ कोणतीही किंमत द्या, मूळ संख्याच मिळते. चाळीस वेळा खरे ठरले. क = ४० ला मात्र ४१ × ४१ येते. भूमितीत असाच धडा जिओजेब्रामुळे, म्हणजे आकृत्या काढून सरकवता येणाऱ्या संगणकीय साधनामुळे, द्यावा लागतो. बिंदू सरकवला, कोन तसाच राहिला, की मुलांना आणखी कारण हवेसे वाटत नाही. साधन वापरा, पण अंदाज बांधण्यापुरते.

वर्षाच्या तीसेक बैठकांत मोजणी, संख्यासिद्धान्तातली विभाज्यता आणि शेषगणित (भागाकारातल्या बाकीचे गणित), भूमिती, आलेखसिद्धान्त (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित) आणि थोड्या असमानता एवढे पुरते. असमानता शेवटी घ्या आणि समानता केव्हा येते हे दरवेळी विचारा. क्ष धन असताना क्ष + ४/क्ष ची किमान किंमत ४ असे मुले ठोकून देतात. पण ती क्ष = २ ला मिळते. क्ष किमान ३ असला पाहिजे अशी अट घातली की उत्तर १३/३ होते.

स्पर्धांबद्दल. त्या दोन जातींच्या असतात. एकीत थोड्या वेळात पुष्कळ बहुपर्यायी प्रश्न, दुसरीत मोजके प्रश्न आणि लिखित सिद्धता. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न असतात. पहिल्या जातीतला निकाल पाहून दुसरीसाठी मुले निवडू नका, कारण सावकाश आणि खोल विचार करणारी मुले तिथेच गळतात. त्यांत मुलींची संख्या मोठी असू शकते. त्यांना युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडचे जुने प्रश्न दाखवा. २०१२ साली केंब्रिजला सुरू झालेल्या या स्पर्धेत चौघींचा संघ असतो. आणि मंडळाच्या तीन बैठकांमागे एकच बैठक स्पर्धेच्या सरावाची असावी. प्रमाण उलटे झाले की मंडळाची शिकवणी होते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात हजेरी घसरते. कारण बहुधा एकच: सुरुवातीचे प्रश्न शिक्षकाला आवडणारे, म्हणजे मुलांना फार अवघड होते. म्हणून पहिले चार आठवडे असे ठेवा. पहिला, वर्तुळाचे तुकडे. दुसरा, बुद्धिबळाच्या पटाच्या कर्णाच्या टोकांवरची दोन कोपऱ्यांची घरे काढून उरलेली ६२ घरे दोन घरांच्या डॉमिनोंनी झाकणे. काढलेली घरे एकाच रंगाची, म्हणून उरतात एका रंगाची ३२ आणि दुसऱ्याची ३०, आणि प्रत्येक डॉमिनो दोन्ही रंगांचे एकेक घर झाकतो, त्यामुळे ते जमतच नाही. तिसरा, कापरेकरांची कृती, फक्त करून पाहण्यापुरती. चौथा, ८ × ८ चा आलेखकागद दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन असा कापून त्यांचा ५ × १३ चा आयत करणे. चौसष्ट घरांची पासष्ट होतात. कापायला एक सेंटिमीटरच्या चौकटींचा पातळ कागद घ्या. पुठ्ठा घेतला तर कडा जाड येतात, आणि कर्णालगतची एक चौरस सेंटिमीटरची बारीक फट कापण्यातली चूक म्हणून दुर्लक्षिली जाते. फट दिसली की मुलांना दोन्ही तुकड्यांचे चढ मोजायला सांगा: एकाचा ३/८, दुसऱ्याचा २/५.